द्राक्षांना शेकोटी, माणसांना बादली

निफाडचा पारा घसरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा चहाआधी नाशिककरांच्या मोबाईलवर येऊन थडकतो. बागायतदार पहाटेच बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक सोडतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट, मणी तडकायचे वाचतात. म्हणजे थंडीत ऊब पुरवण्याची व्यवस्था जिल्ह्यात आहे. फक्त ती द्राक्षांसाठी.

माणसांसाठी गच्चीवर सोलर आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्यातून चोवीस तास गरम पाणी येतं. नळाला मात्र आधी पाइपात रात्रभर साचलेलं गारढोण येतं. ते बादलीत काढून कढत धार लागेपर्यंत वरच्या मजल्यावरच्या काकांनी टाकी रिकामी केलेली असते.

प्लंबर येतो. सोलरच्या काचेच्या नळ्यांवर बोटभर धूळ आहे, तिच्याकडे ढुंकून बघत नाही. “बोअरचं पाणी ना साहेब? क्षार धरलाय. गीझरच लावून टाका.” गीझरच्या कॉइलवर वर्षभरात तोच पांढरा थर चढणार, हे तो सांगत नाही, पुढच्या डिसेंबरचाही धंदा असतोच की.

आजोबा म्हणतात, माळ्यावरचा तांब्याचा बंब काढा. तो दिवाळीतच मोडीत गेला. आलेल्या पैशांत गीझर बसवायची मजुरी भागली.