एका मार्कानं गेला हो!

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून एफएमजीई, म्हणजे परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्यांची इथली परीक्षा, नापास झालेलं एकही पोरगं १४९ च्या खाली नाही. ही आकडेवारी सरकारी नाही, पारावरची आहे. त्यामुळं तिच्यावर शंका घ्यायची कुणाची हिंमत होत नाही. न्हावऱ्याचा १४९. मांडवगण फराट्याची १४९. केडगावचा १४९. पाटसला दोन चुलत भाऊ, एक बिश्केकहून आलेला, दुसरा ताश्कंदहून. दोन देश, दोन कॉलेजं, दोन बॅचा, पण घराण्याचा आकडा एकच. परीक्षा तीनशे प्रश्नांची, तीनशे मार्कांची, पास व्हायला दीडशे लागतात. आमची पोरं दीडशेच्या उंबऱ्यापर्यंत जातात, चपला काढतात आणि आत न जाता परत येतात.

देशभर या परीक्षेत पाचातला एखादाच पास होतो. उरलेले चौघं साठ-सत्तरपासून पुढं कुठंतरी विखुरलेले असणार, असं गणित म्हणतं. पण घोड आणि भीमेच्या काठावर आल्यावर ते सगळे गोळा होऊन एकाच आकड्यावर दाटीवाटीनं उभे राहतात.

"एका मार्कानं गेला" हे वाक्य कुणी आणि कुठं म्हणायचं याचेही नेम ठरलेले आहेत. ते बापानं म्हणायचं. आईनं नाही, आईकडं "आदल्या रात्री ताप होता" हे खातं आहे. लग्नात म्हणायचं तर पंगत बसल्यावर, दशक्रियेला म्हणायचं तर कावळा शिवल्यावर. ऐकणाऱ्यानं घास हातातच थांबवून "अरारारा, एकाच?" असं म्हणायचं आणि लगेच आपल्या भाच्याचं सांगायचं, जो पोलिस भरतीत एका मार्कानं गेला. मग तिसरा सुनेचं काढतो, ती एमपीएससीला पाऊण मार्कानं गेली. पाऊण म्हटल्यावर पंगत गप्प होते. त्यापुढं अख्खा मार्क घालवलेल्यांची पत राहत नाही. स्कोअरकार्ड मात्र कुणी मागत नाही. सोयरीक जुळवताना सातबारा मागतात, पत्रिका मागतात, पोराचं घर रस्त्याला लागून आहे का ते मोजून बघतात. स्कोअरकार्ड मागणं असंस्कृतपणाचं समजतात.

यवतच्या एका पोरानं मात्र घात केला. टपरीवर चारचौघांत त्यानं खरा आकडा सांगितला. ९७. कप तोंडाशी नेलेले तसेच राहिले. "सत्त्याण्णव? मंग सहा वर्षं तिकडं केलं काय?" ज्यांचा स्वतःचा पोरगा आदल्याच महिन्यात १४९ वर गेला होता ते तर सगळ्यांत जास्त भडकले, कारण लोकांना शंका घ्यायची सवय लागली तर ती एका घरापाशी थांबत नाही. पोराची ठरत आलेली सोयरीक मोडली. मुलीकडचे एका मार्काला राजी होते, त्रेपन्न मार्कांना होईनात. आता त्याच्या चुलत्यानं मध्यस्थी करून गावाला कळवलंय की ते ९७ पहिल्या पेपराचे होते. प्रत्येक पेपर दीडशे प्रश्नांचा असतो, म्हणजे दुसऱ्यात ५२ पडले की झालं. गावानं बेरीज केली, १४९ आली, आणि पोराला परत पंगतीत घेतलं.

उलटा प्रकार राहूला झाला. तिथला एक बरोबर १५० वर पास झाला. आईनं पेढे वाटले, लोकांनी खाल्ले, आणि रात्रीपर्यंत चर्चा अशी की यानं जादाचा एक आणला कुठून? शेजारच्याचा मार्क गेला आणि ह्याला मार्क मिळाला, दोन्ही एकाच दिवशी, एकाच शिवारात. बांध कोरणारी माणसं आहेत, काही सांगता येत नाही.

आता जरा हिशेब करू, कारण हा मार्क फुकटचा नाही. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत आणि प्रत्येक प्रश्नाला पर्याय चार. म्हणजे डोळे मिटून तीनशेच्या तीनशे प्रश्नांना तिसऱ्या पर्यायावर क्लिक करणाऱ्यालाही सरासरीनं पाऊणशे पडतात. पाऊणशे देवाचे. पास व्हायला उरलेले पाऊणशे तेवढे विकत घ्यायचे, त्यासाठी बिश्केक. सहा वर्षांचा खर्च तीस लाख धरा; जाणं-येणं, मेस आणि तिकडच्या थंडीचं जॅकेट धरून. तीस लाख भागिले पाऊणशे, एक मार्क चाळीस हजारांना. ऊस तीन हजार रुपये टन धरला तर एका मार्काला तेरा टन आणि वर थोडं वाढं. आमच्याकडं गुंठ्याला टन हा बेताचा उतारा समजतात. म्हणजे एक मार्क साधारण तेरा गुंठे. "एका मार्कानं गेला" म्हणणारा बाप तेरा गुंठ्यांवरून बोलत असतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं तो शिक्षणावर बोलतोय. रांजणगावला कारखान्यांच्या कडेनं कुणी तेरा गुंठ्यांत पत्र्याच्या खोल्या काढून भाड्यानं दिल्या असत्या तर पोरगं नापास झालं असतं तरी चाललं असतं. पण खोल्यांना कुणी "डॉक्टरसाहेब" म्हणत नाही.

आणि हा तेरा गुंठ्यांचा मार्क शेवटी सापडतो कुठं? वस्तीवरच्या आशाताईच्या पिशवीत. तीनशेपैकी तीस मार्क सामाजिक आरोग्याचे असतात. पोरं त्याला पीएसएम म्हणतात आणि शेवटच्या आठवड्यासाठी ठेवतात. प्राथमिक आरोग्य केंद्र किती लोकसंख्येला? सपाटीवर ३० हजार, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजार. उपकेंद्र? पाच हजार आणि तीन हजार. पेंटाव्हॅलंट कधी? हे पोराला विचारा, तो डोळे मिटून व्हिडिओतला तक्ता आठवतो. आशाताईला विचारा, ती भाकरी थापता थापता सांगते: "दीड, अडीच, साडेतीन महिने. आन् बीसीजी डाव्या दंडाला. पोराला ताप येईल म्हनून आईला आधीच सांगायचं, नायतर पुढच्या डोसाला ती दार उघडत न्हाई." हे शेवटचं वाक्य परीक्षेत नसतं. बाकी सगळं असतं. विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची यावर प्रश्न येतो, हजार लिटरला अडीच ग्रॅम. बिश्केकच्या वसतिगृहात गरम पाण्याचा नळ होता, विहीर नव्हती. गावात पाणी सोडणारा शिपाई हातानं पावडर टाकतो, त्याला कुणी डॉक्टर म्हणत नाही. घोणस चावली की रक्त गोठत नाही, मण्यार चावली की पापण्या मिटायला लागतात. हा प्रश्न विषशास्त्रात येतो, आणि ऊसतोडीला येणाऱ्या बाईलाही त्याचं उत्तर माहीत असतं, कारण तिनं दोन्ही पाहिलेलं असतं. पोरानं काय पाहिलं? बर्फ. पेशंट रशियन नाहीतर किर्गिझ बोलणारा, मास्तर इंग्रजीत शिकवणारा, आणि मधे आमचा इनामगावचा भिडू, ज्याला पेशंटशी "कुठं दुखतं?" एवढंच बोलता येतं आणि त्यावर पेशंट काय म्हणाला ते कळत नाही. सहा वर्षांनी हा गडी दीड हजार मैलांवरून परत येऊन अभ्यासिकेत बसतो आणि स्वतःच्याच गावच्या लसीकरणाचं वेळापत्रक दिल्लीच्या मास्तरांच्या व्हिडिओवरून पाठ करतो. शेजारच्या खुर्चीवरच्या एमपीएससीवाल्याला तेच वेळापत्रक सामान्य विज्ञानाला असतं. तो मात्र घरी जाऊन आईला विचारून येतो, कारण त्याची आईच आशा आहे.

आशाताईला मोबदला वेळेवर मिळाला तर गावात त्याची बातमी होते. तीस मार्क चाळीस हजारांच्या दरानं मोजले तर तिच्या डोक्यात बारा लाखांचा माल पडून आहे.

इथवर हसून झालं. आता ज्याचा एक मार्कही कधी गेला नाही त्याच्याकडं वळू. एसटी स्टँडसमोर, मोबाईलच्या दुकानावर, जिना चढला की "विदेशात एमबीबीएस" अशी पाटी आणि आत काचेच्या टेबलामागं समुपदेशकसाहेब. नीटचा निकाल लागला की यांची सुगी. २०२५ ला खुल्या गटाची पात्रता ७२० पैकी १४४ होती. बाहेर जायला एवढं पुरतं. साहेब १४४ कडं बघून म्हणतात, "पोरात दम आहे." बाप हरखतो. घरात याआधी कुणी पोराला दम आहे असं काचेच्या टेबलामागून म्हटलेलं नसतं. साहेब वसतिगृहाचे फोटो दाखवतात, भारतीय मेस दाखवतात, पुतळ्यापाशी उभी राहिलेली सांगोल्याची पोरगी दाखवतात. एफएमजीई? "ते काय, एमसीक्यू असतंय. निगेटिव्ह न्हाई." बरोबरच बोलतात. निगेटिव्ह नाहीच. ही परीक्षा काही काल आलेली नाही, २००२ पासून आहे. त्याआधी रशियाहून आलेले थेट पाटी लावून बसायचे. आज नापास होणारी पोरं जन्मली त्याच सुमाराला ती सुरू झाली. परीक्षा आणि परीक्षार्थी दोघं एकाच वयाचे, तरी पोरांची आणि तिची ओळख कुणी सहाव्या वर्षाआधी करून देत नाही. बियाणं उगवलं नाही तर तालुक्याला तक्रार करता येते, पंचनामा होतो. पोरगं उगवलं नाही तर साहेबांच्या फोनची रिंग वाजत राहते. पंचनामा कुणाचा करायचा, पोराचा?

आणि २०२२ विसरायचं नाही. युक्रेनच्या युद्धात खारकीवच्या मेट्रो स्टेशनात रात्री काढून पोरं घरी आली. पेढे, हार, पेपरात फोटो. मग त्यांनी विचारलं, आता आम्हाला इथल्या कॉलेजात बदलून घ्या. तशी तरतूद नाही, असं उत्तर आलं. बॉम्ब पडताना विमान पाठवायची तरतूद होती, बाकड्यावर बसू द्यायची नव्हती. शेवटच्या वर्षाला असलेल्यांना कोर्टापर्यंत जाऊन दोनदा परीक्षा देण्याची वाट मिळाली. बाकीचे कुणी जॉर्जियाला गेले, कुणी उझबेकिस्तानला, कुणी परत युक्रेनला. ज्यांची वर्षं ऑनलाइन गेली त्यांना पास झाल्यावरही इंटर्नशिप जादाची.

मला या परीक्षेचा राग नाही. परीक्षा हवीच; माझा अपेंडिक्स काढणाऱ्याला अपेंडिक्स कुठल्या बाजूला असतो हे ठाऊक असावं, एवढी माझी भाबडी अपेक्षा आहे. राग वेगळाच आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथली पदव्युत्तर पदवी घेऊन येणाऱ्याला ही परीक्षा नाही. ते एकवेळ समजू. पण आपल्याच राज्यात ज्यानं कोटभर मोजून खासगी जागा घेतली, त्यालाही ही परीक्षा नाही! ऊस विकून बिश्केकला गेलेल्यानं तीनशे प्रश्नांत आपलं डॉक्टरपण सिद्ध करायचं आणि प्लॉट विकून इथं शिकलेल्यानं विद्यापीठाच्या परीक्षेवर पाटी लावायची. पेशंटला दोघांचा हात सारखाच लागणार ना? मग दोघांना बसवा की एकाच पेपराला. सगळ्यांना एकच परीक्षा म्हणून नेक्स्ट नावाचं काहीतरी येणार होतं, ते पोरं पहिल्या वर्षाला होती तेव्हापासून येतंय. ती जर खरंच आली आणि कोटीवाल्यांच्या घरातही "एका मार्कानं गेला" ऐकू यायला लागलं, तर त्या घरांतल्या मार्काचा दर तेरा गुंठ्यांत बसणार नाही, एवढं मात्र नक्की.

पेपर घरी नेता येत नाही, प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असं मान्य करावं लागतं, फेरतपासणी नाही. पोरं हॉलमधून बाहेर पडली की एकमेकांना प्रश्न आठवून सांगतात, त्याला रिकॉल म्हणतात. त्यातले निम्मे प्रश्न कुणालाच आलेले नसतात. त्यामुळं न्हावऱ्याचा १४९ खरा की पारावरचा हे ठरवायला न्हावऱ्याच्या पोराशिवाय कुणाकडं काहीच पुरावा नाही, आणि तो बोलत नाही. तो यवतचं बघून शहाणा झालाय.

परीक्षा वर्षातून दोनदा असते, जून आणि डिसेंबर. कितीही वेळा बसा, फी मात्र दर वेळी सहा हजारांच्या वर. न्हावऱ्याच्या त्या पोराच्या आबांनी डिसेंबरचा फॉर्म भरलाय आणि जुलैत पाच एकर आडसाली लावलाय. सुरू ऊस का नाही लावला, असं विचारलं तर म्हणाले, "सुरूला बारा महिनं. आडसालीला दीड वर्स. दीड वर्सात डिसेंबर, जून आन् परत डिसेंबर, तीन टायमं बसतंय पोरगं."