खलनायकांचा अर्जनवीस

तालुक्याच्या गावी तहसील कचेरीबाहेर, झाडाखाली नाहीतर झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीशी, एक अर्जनवीस असतोच. सेतू केंद्रं आणि ऑनलाइन दाखले आल्यापासून त्याचा धंदा बसला. तोंड मात्र बसलं नाही. नागपूर जिल्ह्यातल्या कुहीतही हा भेटेल. टेबलावर टिनाची पेटी, निळंकाळं पडलेलं स्टॅम्पपॅड, डायरीच्या पानांत जपून ठेवलेली कोर्ट फीची तिकिटं. सगळे त्याला काकाजी म्हणतात.

याचा जन्म दोन्हीकडचे अर्ज लिहिण्यात गेला. सकाळी धाकट्याचा थोरल्याविरुद्ध, दुपारी थोरल्याचा धाकट्याविरुद्ध. शाई तीच आणि ‘वडिलोपार्जित’ही तेच. त्यामुळे सिनेमातही त्याला नायक-खलनायक दिसत नाहीत, अर्जदार आणि गैरअर्जदार दिसतात. त्यातला अर्जदार बरंच काही लपवतो, हे तर तो पहिल्या वर्षीच शिकला.

मिरचीची पोती उतरवून माणसं चहाला टेकली की सुनावणी सुरू.

“सांगा बरं, त्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’तल्या अमरीश पुरीचं काय चुकलं? दोस्ताले जबान देऊन ठेवली, पाहुणे येऊन राहिले, आचारी सांगून झाला. अन् हा लंडनचा पोट्टा खोटं सांगून नवरदेवाच्याच घरी मुक्कामाले! याच्यावर तं फसवणुकीचा अर्ज होते, बाप्पा.”

शिवाय पोराचं पूर्वचरित्र. दुकान बंद झाल्यावर डोकेदुखीचं निमित्त करून आत शिरला आणि बिअर घेऊन पसार झाला, ती सासऱ्याशी पहिली भेट. “असा जावई कोणाले पाह्यजे, हात वर करा!” १९९५ साली शाहरुखसाठी शिट्ट्या मारणारे आता लग्नाच्या मुलींचे बाप झालेत. ते खाली मान घालून चहा फुंकतात.

‘अशी ही बनवाबनवी’तल्या सरपोतदारांची बाजू तर तो पोटतिडकीनं मांडतो. खोली एकाला दिलेली, राहतात चौघं, मालकाला वरून मधुमेह. त्यानं खोली खाली करायला सांगितली तर अख्खा महाराष्ट्र १९८८ पासून त्यालाच हसतोय. ‘शोले’तल्या सांबाचं नाव आरोपपत्रातून वगळावं, अशीही याची जुनी मागणी आहे. दगडावर बसायचं आणि साहेबानं विचारलं की आकडा सांगायचा, एवढंच त्याचं काम. “हे तं आमचा कोतवालही करते.”

पण काकाजी सरसकट वकीलपत्र घेत नाही, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. ‘मदर इंडिया’तल्या सुखीलालाला त्यानं दारातूनच परत पाठवलंय. सावकारीबद्दल त्याचं फारसं म्हणणं नाही. मात्र अडाणी बाईचा अंगठा घेऊन कागदावर भलतंच लिहिणाऱ्यानं लेखणीच्या धंद्याला बट्टा लावला, त्याला माफी नाही. ‘सामना’तल्या हिंदुरावाचा विषय काढला तर म्हणतो, खुनाचं प्रकरण आहे, तहसीलला अधिकार नाही.

हिंदुराव नामंजूर, पण तो रंगवणाऱ्या निळूभाऊंवर एक शब्द ऐकून घेत नाही. एखाद्या म्हातारीनं टीव्हीवर निळू फुले पाहून बोटं मोडली, की हा पुरावे दाखल करू लागतो. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं, राष्ट्र सेवा दलात कलापथकं केली, आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंच्या जोडीनं नाटकाचे दौरे केले. “एवढा भला माणूस, अन् बाया त्याले पाहून पदर सावरत!” एवढं बोलून काकाजी स्वतःच्याच मिशीवरून हात फिरवतो. मला वाटतं, त्यालाही एकदा कोणीतरी घाबरावं अशी इच्छा असावी. अजून ती पुरी झालेली नाही.

त्याची बोलती बंद होते ती एकाच अर्जापाशी. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधींनी केली. ३७२ कोटींचं धरण हजारो कोटींवर गेलं आणि कुही तालुक्यातली गावं बुडिताखाली गेली. त्या गावांतले लोक कागदांची पिशवी घेऊन येतात. बापाच्या वेळचा अर्ज आता मुलगा पुढे चालवतो. काकाजी मान खाली घालून समास दुमडतो, ‘विषय’ लिहितो, अर्जदाराचं नाव-गाव लिहितो. गाव लिहिताना जुनं की पुनर्वसनातलं, हे विचारून घेतो.

“अन् गैरअर्जदार कोणाले करू?”

“कोणाले करता काकाजी? सायेब चांगले हायेत. खुर्ची देतात, पानी देतात. म्हणतात, माह्या हातात नाही, वरतं पाठवतो.”

“याच्या आधीचे सायेब?”

“तेही चांगलेच होते. बदली झाली त्याईची.”

काकाजी टोपण काढतो, लावतो, पुन्हा काढतो.

“इथं एखादा अमरीश पुरी पाह्यजे होता, बाप्पा. त्याच्या दुकानाचा निदान पत्ता तरी टाकता आला असता.”