आग रामेश्वरी, शेगडी सोमेश्वरी

अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतील, दोन्ही पक्षांच्या सन्माननीय सभासदांस,



पत्रास कारण की, माझी गॅसची शेगडी सुखरूप आहे. तिच्या जिवासाठी तुम्ही इतका घसा कोरडा केलात, तेव्हा खुशाली कळवणं माझं कर्तव्यच. चार बर्नर आहेत, मागचा डावा जरा उशिरा पेटतो, बाकी प्रकृती उत्तम. कालच तिच्यावर भरताचं वांगं भाजलं. वांग्याला तेलाचा हात लावला, सुरीनं चार टोचे मारले आणि देठ धरून ज्योतीवर फिरवत बसले. साल तडकली, रस बर्नरवर पडून चर्र झालं आणि छतावरचा धुराचा अलार्म बोंबलू लागला. शेगडीच्या वर पंखा आहे, नाही असं नाही. पण तो धूर बाहेर टाकत नाही. आत ओढतो, फिरवतो आणि माझ्याच तोंडावर सोडतो. तुमच्या सभागृहाशी त्याचं हे साम्य मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

मी कॅलिफोर्नियात राहते, बर्कलीपासून तासाभराच्या आत. जुलै 2019 मध्ये याच बर्कलीनं नव्या इमारतींना गॅसची जोडणी द्यायची नाही असं ठरवलं. देशात असं करणारं ते पहिलं शहर. ठराव नव्या इमारतींपुरता होता, माझ्यासारख्यांच्या जुन्या शेगडीला कुणी बोट लावणार नव्हतं. तरी पोलीस घरोघर फिरून शेगड्या जप्त करणार, अशी हवा झाली. उपाहारगृहवाल्यांची संघटना कोर्टात गेली. एप्रिल 2023 मध्ये अपील कोर्टानं ठराव मोडीत काढला, तो 1975 च्या केंद्रीय कायद्याचा आधार घेऊन. तो कायदा तेलटंचाईनंतर ऊर्जा वाचवण्यासाठी केलेला होता. तुमच्या पूर्वसुरींनी लावलेलं झाड, त्याच्या सावलीत गॅसची पाइपलाइन विसावली.

मधल्या काळात, जानेवारी 2023 मध्ये, ग्राहक सुरक्षा आयोगाचे एक सदस्य रिचर्ड ट्रमका ज्युनिअर एका मुलाखतीत गॅसच्या शेगड्यांबद्दल म्हणाले, सगळे पर्याय खुले आहेत. झालं! तुमच्यापैकीच टेक्सासचे रॉनी जॅक्सन यांनी जाहीर केलं की शेगडी न्यायची तर माझ्या मेलेल्या, गार पडलेल्या हातांतून काढून न्यावी लागेल. हे गृहस्थ पेशानं डॉक्टर, व्हाइट हाऊसचे माजी वैद्य. वाद कशावरून पेटला होता? गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि लहान मुलांचा दमा यांचा संबंध अभ्यासकांनी दाखवला, त्यावरून. डॉक्टरांकडून खिडकी उघडा, एवढा सल्ला अपेक्षित होता. माझ्या नातवाला दमा आहे. तो आला की मी खिडकी उघडते आणि वांगं ओव्हनमध्ये टाकते. भरीत फिकं होतं, पण होतं.

आयोगाच्या अध्यक्षांनी लगोलग सांगितलं की बंदीचा विचारही नाही. व्हाइट हाऊसनंही तेच सांगितलं. म्हणजे धोका टळला, आणि धोका टळला म्हणूनच बहुधा तुम्ही कायदा करायला घेतलात. जून 2023 मध्ये गॅसच्या शेगडीचं रक्षण आणि स्वातंत्र्य यांसाठीचं विधेयक आलं. खरंच हे नाव होतं! पण 6 जूनला ते चर्चेलाच येऊ शकलं नाही, कारण कर्जमर्यादेच्या तडजोडीवरून सभापती मॅकार्थींवर रुसलेल्या त्यांच्याच पक्षातल्या काही जणांनी चर्चेचे नियम ठरवणारा ठराव पाडला. राग कर्जाचा, फटका शेगडीला. आमच्याकडे याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात. आठवड्यानं रुसवा निघाला आणि विधेयक कनिष्ठ सभागृहात 248 विरुद्ध 180 मतांनी पास झालं.

आता दुसऱ्या बाकांवरचे सभ्य स्त्रीपुरुष गालात हसत असतील, तर त्यांनी हसू आवरावं. घरात येणाऱ्या गॅसपैकी स्वयंपाकाला लागतो जेमतेम तीन टक्के. बाकी जवळजवळ सगळा घर तापवणाऱ्या भट्टीला आणि आंघोळीच्या पाण्याच्या टाकीला. या दोघी तळघरात नाहीतर गॅरेजच्या कोपऱ्यात बसून निमूटपणे गॅस पितात. त्यांच्यासाठी कुणी मेलेले हात पुढे करत नाही. आमच्या खाडी परिसराच्या हवा मंडळानं मार्च 2023 मध्ये नियम केला की 2027 पासून नायट्रोजन ऑक्साइड सोडणारे घरगुती वॉटर हीटर विकायचे नाहीत. व्यवहारात गॅसचे हीटर बंद. एवढा मोठा फरक, पण त्यावर ना कुणी ट्वीट केलं, ना शेजारीण बोलली. तेव्हा सुधारकांनो, हीटर सोडून तुम्ही नेमकी शेगडीच का धरलीत? माणसाचा जीव ज्योतीत अडकतो, टाकीत नाही. फुलका ज्योतीवर टम्म फुगताना पाहिलेल्या बाईला तुम्ही सांगता की हा हवामानाचा शत्रू, आणि ती मत विरुद्ध पक्षाला देते. न्यूयॉर्क राज्यानं 2023 मध्ये नव्या इमारतींसाठी विजेचाच कायदा केला, तेव्हा निदान उपाहारगृहं आणि स्मशानातल्या दाहिन्या वगळण्याचा शहाणपणा दाखवला. जिभेचे चोचले आणि शेवटचा अग्नी यांत हात घालू नये, हे त्यांना कळलं.

पण तुम्हा सगळ्यांना खरं विचारायचं ते कोळशाबद्दल.

माझं लहानपण महाराष्ट्रातल्या एका औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत गेलं. गच्चीवर पापड वाळत घातले की आई वरून जुनं धोतर पसरायची, कारण संध्याकाळपर्यंत राख बसायची. वडिलांचा पगार त्याच राखेतून यायचा. म्हणून कोळशावर माझा दात नाही. कोळसा मेला तर सुतक पाळायला मी पहिली. फक्त मारेकरी कोण, हे तरी खरं सांगा.

तुमची एक बाजू म्हणते, पर्यावरणवाल्यांनी कोळशाविरुद्ध युद्ध पुकारलं. दुसऱ्या बाजूच्या, वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मॅन्चिन यांनीही 2010 च्या सिनेटच्या प्रचाराच्या जाहिरातीत कार्बनवर मर्यादा आणणाऱ्या विधेयकाच्या कागदावर बंदूक झाडली होती. ओबामांची वीज केंद्रांसाठीची योजना 2015 मध्ये आली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रोखली. ती एक दिवसही लागू झाली नाही. तिचं उद्दिष्ट होतं 2030 पर्यंत वीज क्षेत्राचा कार्बन 2005 च्या तुलनेत 32 टक्के कमी करायचं. ते 2019 मध्येच गाठलं गेलं! कायदा कोर्टात अडकलेला, आणि काम झालेलं. ते केलं कुणी? मुख्यतः खडक फोडून काढलेल्या स्वस्त गॅसनं, आणि हाताशी वारा नि ऊन. विसाव्या शतकाच्या अखेरीस देशाची निम्मी वीज कोळशाची होती, 2024 मध्ये ती पंधरा टक्क्यांवर आली. 2016 मध्ये वार्षिक हिशेबात गॅसनं कोळशाला मागे टाकलं. ज्या गॅसला तुम्ही स्वयंपाकघरात छातीशी धरता, त्यानंच बाजारात कोळशाचा गळा दाबला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

संन्यासीही अगदी निर्मळ नव्हता म्हणा. सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेनं 2007 ते 2010 या काळात कोळशाविरुद्धच्या मोहिमेसाठी दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम घेतली, ती गॅस कंपनीशी संबंधितांकडून. हे 2012 मध्ये उघड झालं. सवतीला हाकलायला सवतीनंच दिलेले पैसे.

ॲरिझोनात पेज गावाजवळ नावाहो जमातीच्या जमिनीवर 2,250 मेगावॉटचं कोळशाचं वीज केंद्र होतं. ब्लॅक मेसाच्या खाणीतला कोळसा खास रेल्वेनं यायचा आणि वीज दूरच्या शहरांना जायची. चिमण्यांच्या परिसरातल्या हजारो नावाहो घरांत मात्र दिवा नव्हता. 2017 मध्ये मालकांनी सांगितलं, गॅसची वीज स्वस्त पडते, आम्ही बंद करतो. वाचवण्याची आश्वासनं वॉशिंग्टनहून बरीच आली. नोव्हेंबर 2019 मध्ये केंद्र बंद झालं, डिसेंबर 2020 मध्ये तिन्ही चिमण्या सुरुंगानं पाडल्या. नोकऱ्या गेल्या त्या बहुतेक नावाहो आणि होपी लोकांच्या. त्या वेळी कुणाचे मेलेले हात कुठे होते?

आता 2025 चा प्रयोग. मिशिगनमधलं कॅम्पबेल हे कोळशाचं वीज केंद्र 31 मे रोजी बंद व्हायचं होतं. कंपनीची तयारी झालेली. आठ दिवस आधी ऊर्जा खात्यानं आणीबाणीचा आदेश काढला, नव्वद दिवस चालू ठेवा. नव्वद दिवस संपले, पुन्हा नव्वद. पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच दोन कोटी नव्वद लाख डॉलरचा निव्वळ भुर्दंड कंपनीनं कळवला. तो वीज ग्राहकांकडूनच वसूल व्हायचा. बाजार सर्वांत शहाणा, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? मग त्याचं बोट कोळशाच्या विरुद्ध वळलं की त्याला आणीबाणी का?

एकच मागणी आहे. पुढच्या वेळी शेगडीवर भाषण करायचं असेल, तर आधी गॅरेजमध्ये जाऊन पाण्याची टाकी बघून या. आणि कोळशाच्या खाणीवर भाषण करायचं असेल, तर खाणकामगाराला त्याची पेन्शन आणि फुप्फुसाच्या औषधपाण्याची सोय देऊन मग तोंड उघडा. खाण परत येईल असं त्याला सांगू नका. तो आधीच तीनदा फसला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मतदार, चार बर्नरवाली

ता. क. केंटकीत बेनहॅम नावाच्या गावी कोळसा खाणींचं संग्रहालय आहे. विजेचं बिल वर्षाला आठ-दहा हजार डॉलरनं उतरावं म्हणून 2017 मध्ये त्यांनी छतावर सौर पॅनेल बसवले.