उतारबापू

उतारबापूंना नाला ओलांडताना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. तरीही नाला कसा ओलांडावा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल, असं आम्हाला वाटत नाही.

उतार म्हणजे नदीनाला जिथून पायी पार करता येतो ती जागा. पूर ओसरतो तोही उतारच. बापूंचं वयही आता उताराला लागलंय, त्यामुळे हे नाव त्यांना तीन बाजूंनी बसतं. मूळ नाव काय ते त्यांच्या रेशनकार्डालाच ठाऊक. 32 वर्षं त्यांनी एसटी चालवली, आणि त्यांच्याच हिशोबाने त्यातली दोनेक वर्षं पुराच्या काठावर गाडी बंद करून बसण्यात गेली. अरुणावती, अडाण, पूस, बेंबळा अशा सगळ्या नद्यांच्या काठावरचा चहा कसा असतो ते त्यांना पाठ आहे. एकदा मृगाच्या पहिल्याच पावसात दारव्ह्याकडे जाताना गाडीत अख्खी वरात होती. रपट्याच्या कडेचे पांढरे दगड पाण्याखाली गेलेले. दगड दिसत नाहीत तोवर गाडी पुढे जाणार नाही, हा बापूंचा कायदा. नवरीचा मामा हातापाया पडला, मग शिव्यांवर आला, शेवटी गाडीतच झोपला. मुहूर्त टळला. ‘‘पन नवरदेव राह्यला ना!’’ बापू सांगतात. ‘‘आता दोन पोरं हायेत त्याले. एकाले माहं नाव द्या म्हनलं होतं, पन नाही देल्लं.’’

अशा माणसाची आणि आमची गाठ पडायचं खरं तर कारण नव्हतं. आम्ही सात-आठ जण, म्हणजे एक मास्तर, एक औषधाच्या दुकानाचा मालक, बाकी कॉलेजची पोरं. नाद प्रस्तरारोहणाचा. आता यवतमाळ आणि प्रस्तरारोहण हे म्हणजे नागपुरात राहून पोहण्यासाठी समुद्र शोधण्यासारखं. आमच्याकडचे डोंगर सपाट माथ्याचे, झोपाळू. खरा कडा बघायचा तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापर्यंत जावं लागतं, आणि तेवढ्या सुट्ट्या मास्तरलाही नाहीत. मग आर्णीच्या पुढे एका तांड्यामागे आम्हाला वीसेक फुटांचा काळा खडक सापडला. बोटं अडकवायला भेगा, पाय टेकवायला खाचा, आणि माथ्यावर दोर बांधायला अंजनाचं एक जाडजूड झाड. याहून जास्त माणसाला काय पाहिजे!

अडचण नाल्याची. उन्हाळ्यात तो नाला म्हणजे नुसती गोट्यांची वाट, पण तेव्हा खडक तव्यासारखा तापलेला असतो, हात लावला की भाकर भाजून निघेल. खडकाला हात लावता येतो तो पावसाळ्यातल्या उघडिपीत, आणि तेव्हा मध्ये नाला आडवा. बापू एका पोराचे आजोबा. पहिल्या वेळी ‘‘पोट्ट्यांसंगं जातो, पानी पाहून येतो,’’ म्हणून आले ते कायमचे आले. खडकाशी त्यांचं देणंघेणं नाही. त्यांची मोहीम नाल्यापाशी सुरू होते आणि, आमच्या दुर्दैवाने, बहुधा तिथेच संपते.

त्यांची पद्धत अशी. काठावर पोचलं की आधी कुणी पाण्याकडे जायचं नाही. बापू पोतडी उघडतात, पेपर अंथरतात, बसतात. मग पाण्याच्या अगदी कडेला एक चपटा दगड ठेवतात. ‘‘हा आपला मीटर.’’ अर्ध्या तासाने दगड कोरडा असेल तर पाणी उतरतंय, बुडाला तर घरी जायचं. त्या अर्ध्या तासात पाण्याचा रंग पाहायचा. गढूळ चहासारखा आहे तोवर वरून भर चालूच आहे. काड्या, पानं, फेस वाढला तर वर कुठेतरी पाऊस झोडपतोय, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. आणि शेवटी कान. पोटातून गडगड आवाज आला तर तळातले गोटे लोळताहेत. ‘‘जे पानी गोटा लोळवते, ते तुह्या पायाले काय सोडन?’’

यातली एकही गोष्ट चुकीची नाही, हीच आमची खरी तक्रार आहे. चुकत असते तर भांडता आलं असतं.

‘‘पाऊस तर कालच्यापेक्षा कमी झाला, मग पूर जास्त कसा?’’ असं मास्तरने एकदा विचारलं. बापूंना मास्तरने विचारलेला प्रश्न म्हणजे बोनस. मृगात काळी जमीन भेगाळलेली असते, पाणी गटागट पिते. पीत-पीत फुगते, भेगा मिटतात, आणि श्रावणात तीच जमीन तोंड मिटून बसते. खाली बसाल्टचा पाषाण, त्यात पाणी सहज मुरत नाही. मग जेवढं पडेल तेवढं सरळ नाल्यात. म्हणून जूनमधला धो-धो पाऊस नाल्याला घोटाभर पाणी आणतो आणि ऑगस्टमधली तासाभराची सर कमरेपर्यंत. मास्तर त्यानंतर भूगोलाचा तास जरा दबक्या आवाजात घेतो असं ऐकलंय.

बापूंच्या काठीला तीन रंगांच्या चिकटपट्ट्या आहेत, हिरवी घोट्याला, पिवळी गुडघ्याला, लाल मांडीला. त्यांचं म्हणणं, ‘‘घोट्यापर्यंतचं पानी मानसाचं, गुडघ्यापर्यंतचं देवाचं, त्याच्यावरचं नाल्याचं.’’ वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, असं पुस्तकात असतं. बापूंनी ते पुस्तक वाचलेलं नाही, पण हिशोब तोच. पाण्यात शिरायचं तर तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय उचलायचा. बूट काढायचे नाहीत, बूट ओले होतात पण बोटं शाबूत राहतात. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा आधी सोडायचा, म्हणजे पडलात तर पिशवी जाईल, तुम्ही राहाल. आणि शिरण्याआधी खालच्या अंगाला काय आहे ते पाहायचं. वाळूचा पट्टा असेल तर पडलेला माणूस उठतो, पडलेलं झाड असेल तर त्यात अडकतो.

दोराच्या वेळी मात्र मोठं भांडण झालं. आमच्याकडे चांगला महागाचा दोर होता, कड्यावर माणूस पडला तर झेलणारा. एका पोराने तो कमरेला बांधला आणि म्हणाला, ‘‘मी जातो, तुम्ही धरा.’’ बापू, जे उठायला एरवी दोन माणसं आणि एक दीर्घ उसासा घेतात, ते ताडकन उठले. ‘‘सोड तो दोर! पानी तुले खाली दाबन आन् हे तुले वढतीन, मंग तू वर कसा येशीन? गळाले लागलेला मासा कधी श्वास घेते का बे?’’ कड्यावर दोर जीव वाचवतो, पाण्यात तोच घेतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. दोर बांधायचा तर दोन झाडांना, तिरपा, खालच्या अंगाला उतरता, आणि माणसाने फक्त हाताने धरायचा. हे सांगून बापू पुन्हा पेपरवर बसले. पार गेलो नाहीच. भजी खाऊन परत आलो.

एका गोष्टीवर बापू गंमत करत नाहीत. 28 सप्टेंबर 2021 ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली, माणसं गेली. त्या पावसाळ्यात बापू आमच्यासोबत आले तेव्हा काही बोलले नाहीत. नुसते काठावर बसले, आणि दगडही ठेवला नाही. पुढे जुलै 2023 मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, हेलिकॉप्टर मागवायची वेळ आली. तेव्हापासून फोनवर पावसाचा इशारा आला की बापू आम्हाला घरीच थांबवतात, नाल्यापर्यंतही नेत नाहीत. त्यांच्या लेखी ही फार मोठी कुर्बानी आहे.

परवा मात्र आम्ही गेलो. दोन दिवसांची उघडीप होती. दगड ठेवला, पंचवीस मिनिटं झाली, दगड सुकला. पण बापूंना गोट्यांचा आवाज येत होता. आम्हाला येत नव्हता. मास्तर म्हणाला, तुमच्या पोटाचा असेल. तेवढ्यात तांड्याकडून एक म्हातारी याडी, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई, आली, डोक्यावर गवताचा भारा, सोबत एक शेळी. आमच्याकडे तिने एकदा पाहिलं, जणू कुणी रस्त्यात खाट टाकून झोपलंय. मग वळणावरून पन्नासेक पावलं वर चालत गेली. तिथे नाला पसरट होता, तीन-चार फाटे पडलेले. शेळी आधी शिरली, मागून ती. पाणी शेळीच्या पोटालाही लागलं नाही. पलीकडे जाऊन तिने लुगड्याचा काठ पिळला आणि निघून गेली.

आम्ही सगळे बापूंकडे पाहत होतो. बापू शांत. ‘‘पाह्यलं?’’ ते म्हणाले. ‘‘वळनाच्या बाहेरच्या अंगाले खोल रायते, पसरट जागी उथळ. हेच तर म्या तुम्हाले सांगून राह्यलो होतो!’’

त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. पण कुणी काही बोललं नाही, कारण बापू उठले होते, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून काठी घेऊन शेळीच्या वाटेने निघालेही होते. तीन पोरं त्यांच्या वरच्या अंगाला, दोन खालच्या. हिरवी पट्टीसुद्धा पुरती भिजली नाही. पलीकडे पोचल्यावर त्यांनी मागे वळून नाल्याकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी ओळखीचं अचानक दुसऱ्याच रूपात भेटलं असावं.

खडकावर पोचेपर्यंत तीन वाजले, आणि पहिला माणूस दोराला अडकतो न अडकतो तोच सर आली. ओला बसाल्ट म्हणजे साबण. तासभर अंजनाखाली उभे राहिलो आणि परत फिरलो. सरीची भर पोचायची होती, पण यावेळी बापूंनी दगड न ठेवताच आम्हाला पळवलं, शेळीच्या वाटेने, सगळे मिळून एका दमात. अलीकडच्या काठावर आलो आणि आम्ही गाड्यांकडे निघालो.

बापू निघेनात. पेपर पुन्हा अंथरला होता, चपटा दगड पाण्याच्या कडेला ठेवला होता.

‘‘बापू, आता कायले? आपण तर पार आलो.’’

‘‘आलो ना. म्हनूनच तं बसलो,’’ बापू म्हणाले, आणि पोतडीतून थर्मास काढला. ‘‘आता सुखानं पाहता येईन.’’