किट लेन्सचे उद्यापन

किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्याच्या खोक्यातून पट्टा आणि चार्जर यांच्या पंक्तीला बसून घरात येणारे भिंग. बहुधा ते १८-५५ मिलिमीटरचे असते आणि त्याच्या तोंडावर ३.५-५.६ असे आकडे छापलेले असतात. वजन पाव किलोच्या आतबाहेर, अंग प्लास्टिकचे, आणि मालकाच्या मनातली पत खरेदीनंतर साधारण वर्षभराने शून्य. दसऱ्याला कॅमेऱ्याला झेंडूचा हार घालून ज्या भिंगाबद्दल ‘काय क्लिअर येतं हो!’ म्हणून शेजारी कौतुक सांगितलेले असते, तेच पुढच्या गणपतीत ‘तसं किटच आहे’ या तीन शब्दांत निकालात निघते. या दोन सणांच्या मध्ये भिंगात काहीही बिघडलेले नसते. मालकाने रात्री अकरानंतर लेन्सचे व्हिडिओ पाहिलेले असतात, एवढेच.

या अवस्थेतील व्यक्तीस येथे ‘साधक’ म्हटले आहे. साधक चाळिशी ओलांडलेला, हप्ते फेडणारा आणि एका मेव्हण्याचा धनी असतो. मेव्हणा न्यू जर्सीहून दर दोन वर्षांनी येतो, गळ्यात दुधाच्या किटलीएवढी लेन्स अडकवून फिरतो आणि जाताना ‘भावोजी, ग्लासमध्ये इन्व्हेस्ट करा, बॉडी काय, येते-जाते’ हा मंत्र देऊन जातो. मंत्र खरा आहे. म्हणूनच तो जास्त झोंबतो. साधकाचे अंदाजपत्रक पंधरा हजारांचे असते. त्यातले दहा घरी ठाऊक असतात.

नियम पहिला : भिंग घेण्याआधी स्वतःचे फोटो मोजावेत. प्रत्येक फोटोच्या पोटात तो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद आपोआप होते आणि संगणकावर ती कोणालाही वाचता येते. गेल्या वर्षभरातले पाचशे फोटो घेऊन ही नोंद पाहिल्यास बहुतेक साधकांना दोनच ढीग सापडतात, एक १८ वर आणि दुसरा ५५ वर. मधल्या छत्तीस आकड्यांशी त्यांचा अक्षरशः छत्तीसचा आकडा असतो. ढीग १८ वर मोठा असेल तर साधकाला आणखी पसरट काहीतरी हवे आहे किंवा त्याच्या घरातल्या खोल्या लहान आहेत. ५५ वर मोठा असेल तर त्याला लांबचे हवे आहे, किंवा चार पावले पुढे जायचा कंटाळा आहे. या दुसऱ्या विकारावर भिंग नाही. ही मोजणी फुकट होते, तासाभरात होते, आणि ती करणारा साधक अद्याप पाहण्यात आलेला नाही.

नियम दुसरा : आपण नेमके काय विकत घेतो आहोत ते समजून घ्यावे. शाळेत प्रकाशाच्या धड्यात नाभीय अंतर शिकवलेले असते. त्या अंतराला भिंगाच्या छिद्राच्या व्यासाने भागले की तोंडावरचा एफचा आकडा मिळतो. म्हणजे ५५ मिलिमीटरवर ५.६ म्हणजे जेमतेम १० मिलिमीटरचे छिद्र, आणि ५० मिलिमीटरच्या १.८ लेन्सचे छिद्र जवळजवळ २८ मिलिमीटर, आपल्या रुपयाच्या नाण्याहून मोठे. आत शिरणारा उजेड वर्गाच्या हिशेबाने वाढतो, म्हणून ५.६ आणि १.८ यांच्यात फरक तिप्पट नसून साडेनऊपटीहून थोडा अधिक असतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली किट लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग लागत असेल, तर १.८ च्या लेन्सला सुमारे दीडशेवा भाग पुरतो. पंधराव्या भागात केक कापणारे पोर चार ठिकाणी हललेले दिसते. दीडशेव्या भागात ते एकाच ठिकाणी असते. किट लेन्समधली थरथर आवरणारी यंत्रणा फोटो काढणाऱ्याचा हात स्थिर करते, पोराला नाही. किटवरची तक्रार खरी आहे ती एवढीच. दिवसा उजेडी, छिद्र ८ वर ठेवून, हेच हिणवलेले भिंग इतके स्वच्छ चित्र देते की ते आणि मेव्हण्याच्या किटलीने काढलेले चित्र शेजारी ठेवले तर मेव्हण्यालाही बराच वेळ लागतो.

नियम तिसरा : पन्नासची लेन्स घ्यावी, असे सगळे सांगतात. ती दहा हजारांच्या आसपास नवी मिळते. कॅननची स्वस्त ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स वजनाला १६० ग्रॅम, म्हणजे एका बऱ्यापैकी कांद्याएवढी. जुन्या बाजारात तिचा १९९० मधला अवतारही अजून सापडतो. त्याचा माउंट प्लास्टिकचा, फोकस करताना आवाज मिक्सरच्या लहान भांड्यासारखा, आणि छिद्राला पाच पाती असल्याने मागचे दिवे पंचकोनी येतात. २०१५ मध्ये आलेल्या एसटीएम अवतारात माउंट धातूचा झाला, पाती सात झाली, आणि वस्तूच्या ४५ ऐवजी ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येऊ लागले. दोघांच्या किमतीत फार अंतर नसल्यास विचार करण्यासारखे काही उरत नाही.

अडचण भिंगाची नसून दिवाणखान्याची आहे. छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभर मुख्यतः पन्नासवर काम केले, हे वाक्य साधकाला पाठ असते. त्यांची फिल्म ३५ मिलिमीटरची, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद चौकटीची होती, हे पाठ नसते. साधकाच्या कॅमेऱ्यातला सेन्सर २२-२३ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर पन्नासची लेन्स कॅननमध्ये ८० सारखी आणि निकॉनमध्ये ७५ सारखी वागते. दहा फुटांवरून कॅननवर तिच्यात साडेचार फूटही रुंदी मावत नाही. महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण हॉलमध्ये सोफा याहून मोठा असतो. त्यामुळे नवी लेन्स आल्यावरच्या पहिल्या घरगुती समारंभात साधक हळूहळू मागे सरकत जातो : आधी टीव्हीच्या स्टँडला टेकतो, मग बाल्कनीत जातो, मग कपडे वाळत घालायच्या दोरीखालून वाकून पाहतो. सोफ्यावर मात्र एकच आग्रह चालू असतो, ‘सगळे आले पाहिजेत हं!’ अखेर मावशी आणि आत्या येतात, आजोबांचा एक गुडघा येतो. शेवटी कोणीतरी मोबाइल काढतो, उभ्या उभ्या टिपतो, त्यात सगळे येतात, आणि तोच फोटो पुढे फ्रेम होतो.

म्हणून घरातल्या माणसांसाठी निकॉनची २००९ साली आलेली ३५ मिलिमीटर एफ १.८ डीएक्स लेन्स अधिक शहाणी. तिच्यात दहा फुटांवरून साडेसहा फूट रुंदी मावते. कॅननवाल्यांना २०१४ मधली २४ मिलिमीटर एफ २.८ ही चपटी लेन्स आहे. तिच्यात सोफा, तिपाई आणि शेजारची कुंडी असे नऊ फूट येतात. मात्र २४ वर किट लेन्सही ४ च्या आसपास उघडते, त्यामुळे येथे उजेड फार तर दुप्पट होतो. १२५ ग्रॅमच्या भिंगाकडून याहून अपेक्षा करू नये. पन्नास ठेवावी एकट्यादुकट्या माणसासाठी, खिडकीजवळ. आणि तेथेही १.८ पूर्ण उघडी ठेवण्याचा मोह आवरावा. मीटरभर अंतरावर तिच्यात जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर खोली स्पष्ट असते. नऊवारीतल्या वहिनींचा फोटो काढल्यावर नथीचा एकेक मोती मोजून घ्यावा आणि डोळे धुक्यात असावेत, हा परिणाम कलात्मक आहे असे वहिनींना पटवणे कठीण जाते. जवळच्या डोळ्यावर फोकस, छिद्र २.८, एवढे केले की पुष्कळ भांडणे टळतात.

नियम चौथा : निकॉनचे साधक असल्यास लेन्सच्या नावातली अक्षरे वाचावीत. ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही जुनी लेन्स स्वस्त आहे, चांगली आहे, आणि तिच्यात फोकसची मोटर नाही. डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांमध्येही मोटर नाही. दोघांची गाठ पडली की फोकस हाताने फिरवावा लागतो. ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ ही अक्षरे पाहूनच पैसे काढावेत, पण ‘एएफ-पी’ फार जुन्या कॅमेऱ्यावर चालतच नाही, तेही विचारून घ्यावे. दुकानदार हे सांगत नाही. ज्याला आधीच सगळे माहीत होते असा मित्रही हे आपण पैसे देऊन बसल्यावरच सांगतो.

नियम पाचवा : १८ ते ३०० सगळे एकातच, अशी लेन्स घेऊ नये. ती किट लेन्सच आहे, जाड झालेली.

लांबच्या भिंगाची, म्हणजे ५५-२५० किंवा ७०-३०० ची गरज उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला गेल्यावर लक्षात येते, कारण ५५ वर रोहित पक्षी गुलाबी ठिपके म्हणून येतात. येथे थरथर आवरणारी यंत्रणा असलेलीच लेन्स घ्यावी. तिच्याविना मिळणाऱ्या ७०-३०० अर्ध्या किमतीत दिसतात आणि त्यांचे फोटोही त्याच किमतीचे असतात. शिवाय तेथे फोटो होडीतून काढायचे, आणि होडी हलत असते. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाखाली नेऊ नये.

आता जुना बाजार. पंधरा हजारांत खरी मजा तेथेच आहे. मुंबईत फोर्टच्या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तेथे जाताना खिशात छोटी बॅटरी आणि घडी केलेले वर्तमानपत्र असावे. विकणारा नेहमी एकच कथा सांगतो : लेन्स फक्त दोनदा वापरली आहे आणि मुलगा परदेशी गेला. मुलाच्या प्रगतीबद्दल आनंद व्यक्त करून लेन्सची दोन्ही टोपणे काढावीत, छिद्र पूर्ण उघडावे, मागच्या बाजूने बॅटरी मारून पुढून तिरके पाहावे. धुळीचे चार कण असले तर हरकत नाही, ते फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले पांढरे काही दिसले की ती बुरशी, बाजाराच्या भाषेत फंगस. ती भिंगावरचे लेपन खाते. सफाई करून मिळते, पण खाल्लेले लेपन परत येत नाही, म्हणून ‘किरकोळ आहे, पुसली की जाते’ हे वाक्य ऐकताच टोपणे परत लावावीत. छिद्राच्या पात्यांवर तेल चमकत असेल तरी सोडून द्यावे. आतून थोडे खडखडले तर लगेच घाबरू नये, थरथर आवरणारा भाग काही लेन्समध्ये मोकळा असतो. शेवटी वर्तमानपत्र भिंतीवर धरून सरळ समोरून, छिद्र उघडे ठेवून एक फोटो काढावा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून वाचावीत. तीन कोपरे वाचता आले आणि चौथा नाही, तर लेन्स कधीतरी पडली आहे. मुलाने परदेशी जाण्यापूर्वी पाडली असेल.

बिल मागावे. नसेल तर किंमत उतरवावी.

घरी आणलेल्या भिंगाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर हा असतो. कोकणात आणि मुंबईत तर भिंतीसुद्धा घाम टाकतात. लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कपाटात ठेवणे म्हणजे बुरशीला गादी घालून देणे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, शक्य तर आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवावे आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असे पाहावे. डबा नवा आणावा. चकलीच्या भाजणीचा रिकामा करू नये. हा नियम छायाचित्रणाचा नसला तरी या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आहे. निळे सिलिका जेल ओल शोषून गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येते, परंतु तो निळा रंग कोबाल्टचा, विषारी. भाकरीच्या तव्यावर तो प्रयोग कदापि करू नये. एकदा झालेला आहे. तवा बदलावा लागला, आणि अंदाजपत्रकातले गुप्त पाच हजार त्याच दिवशी उघडकीस आले. याहून उत्तम म्हणजे लेन्स वापरणे. आठवड्यातून एकदा उन्हात बाहेर पडलेल्या भिंगाला सहसा बुरशी धरत नाही.

राहिले मूळ भिंग. ते विकू नये, कारण त्याचे दोन हजारही येत नाहीत आणि देताना अपमान होतो. काहीशे रुपयांची उलटी कडी, म्हणजे रिव्हर्स रिंग, आणून ते कॅमेऱ्यावर उलटे बसवावे. कडी घेताना भिंगाच्या तोंडाचा व्यास, बऱ्याच कॅनन किटमध्ये ५८ मिलिमीटर, पाहून घ्यावा. कॅननवर उलटे बसवण्यापूर्वी सुलटे असतानाच छिद्र ११ वर ठेवावे, खोली पाहण्याचे बटण दाबून धरावे आणि तसेच दाबलेले असताना भिंग काढावे, म्हणजे पाती मिटलेलीच राहतात. मग १८ वर करून कास पठारावर, वाटेच्या कडेला, पोटावर पालथे पडावे. बोटाच्या पेराएवढी सीतेची आसवे ही फुले आणि दवबिंदू नावाच्या रोपट्याच्या पानावरचे चिकट थेंब चौकटभर येतात. फोकससाठी कडी फिरवण्याचा उपयोग होत नाही, स्वतःलाच केसभर पुढेमागे व्हावे लागते, आणि भिंग फुलापासून चार-पाच सेंटिमीटरवर असल्याने स्वतःचीच सावली आडवी येते. श्वास रोखून धरावा. मेव्हणा बरोबर असल्यास त्याला छत्री धरायला सांगावे.