मुखेडला उपकेंद्र द्या

मार्च २०२५मध्ये राज्य सरकारनं एक निर्णय काढला: माध्यम देखरेख केंद्र. खर्च १० कोटी, वेळ सकाळी ८ ते रात्री १०. वर्तमानपत्रं, वाहिन्या, समाजमाध्यमं यांत सरकारविषयी काय येतं त्याची कात्रणं गोळा करायची, सकारात्मक आणि नकारात्मक अशा थप्प्या लावायच्या, आणि कुठं दिशाभूल दिसली की लगोलग खुलासा ठोकायचा.

वाचून ऊर भरून आला. थोडं वाईटही वाटलं. हेच काम आम्ही नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात वर्षानुवर्षं फुकट करतोय. कोणता पुढारी कोणत्या वाहिनीवर काय बोलला आणि कुणाच्या सांगण्यावरून बोलला, याचा निकाल दुसरा चहा यायच्या आत लागतो. कात्रणंही आहेत, भजे बांधून देतात तीच. मंत्र्यांच्या वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छांत बांधले तर तेल बाहेर येत नाही, असं हॉटेलवाला शपथेवर सांगतो. शाईच तेवढी असते.

तेव्हा मागणी एवढीच, की १० कोटींतले चार पैसे इकडं वळवा आणि मुखेडला उपकेंद्र द्या. मराठवाड्याचा सिंचनाचा अनुशेष निघायचा तेव्हा निघेल, देखरेखीचा तरी राहू नये.

अनुभव म्हणाल तर पिढीजात आहे. निजामाच्या राज्यात गश्ती निशान ५३ नावाचं परिपत्रक होतं. परवानगीशिवाय सभा नाही. हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८मध्ये भररस्त्यात मारलं, ते जे लिहीत होते त्यापायी. आणीबाणीत सेन्सॉर आला तेव्हा मुंबईत मुख्यमंत्री आमच्याच नांदेडचे, शंकरराव चव्हाण होते. त्या दिवसांत दिल्लीचं ऐकत नाही म्हणून आकाशवाणीवर किशोरकुमार बंद झाला. हा माणूस गाण्यातून सरकार पाडील, अशी भीती वाटली असावी.

आता गश्ती लागत नाही, परवाना पुरतो. जुलै २०२३मध्ये ‘लोकशाही मराठी’ वाहिनीनं भाजपचे किरीट सोमय्या यांच्याविषयीची चित्रफीत दाखवली. सप्टेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयाचा आदेश आला, वाहिनी ७२ तास बंद ठेवा. ९ जानेवारी २०२४ला पुन्हा आदेश. या खेपेला ३० दिवस, आणि कारण परवान्याच्या कागदपत्रांचं. दुसऱ्याच दिवशी विधानसभा अध्यक्ष शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा निकाल वाचणार होते. योगायोगाला सरकार काय करणार? आमच्या हॉटेलात केबलवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, “काका, लोकशाही वरूनच बंद हाय.” वाहिनीला दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं.

वास्तविक वाहिन्या ज्या लहरींवर चालतात, त्यांचा सातबारा जनतेच्या नावावर आहे. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसा निकालच दिलाय. त्या खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते. पण सातबारा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची, हे आम्हाला का नवीन आहे?

बरं, दर वेळी बंदीच लागते असं नाही. सप्टेंबर २०२३मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांनी नगरला कार्यकर्त्यांना सल्ला दिला, की विरोधात बातम्या येऊ नयेत म्हणून पत्रकारांना चहाला न्या, ढाब्यावर न्या. ध्वनिफीत गावभर झाल्यावर, पत्रकारांना मान द्या एवढाच अर्थ होता, असा खुलासा झाला. ढाब्याचा खर्च खरं तर वायफळच. तालुक्याच्या वार्ताहराला पगार असा बहुधा नसतोच. जाहिरातीवरचं कमिशन हीच त्याची कमाई. १५ ऑगस्टच्या शुभेच्छा ज्या पुढाऱ्याकडून घ्यायच्या, त्यानं केलेल्या रस्त्याच्या खड्ड्यांवर १४ तारखेला कोण लिहील? मालकाला सरकारी जाहिरात हवी, वार्ताहराला पुढाऱ्याची. अशा ठिकाणी बातमी लिहायच्या आधीच सकारात्मक होते. १० कोटी वाचले की नाही?

उपकेंद्रापुढं पेच आहे तो एकच. १७ ऑगस्ट २०२५ला रात्री आमच्या तालुक्यावर आभाळ फाटलं. हसनाळ, रावणगाव पाण्याखाली गेली. हसनाळात माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्यासकट बुडाली. चाळीसेक वर्षं रखडलेल्या लेंडी प्रकल्पात पुनर्वसन पुरं न करताच पाणी अडवलं, असा गावकऱ्यांचा आरोप. आता ही बातमी कोणत्या थप्पीत टाकायची? लष्कर आलं, होड्या आल्या, माणसं काढली: सकारात्मक. पाणी आलं: निसर्ग, म्हणजे विभाग लागू नाही. पाणी का आलं, असं कुणी विचारलं: नकारात्मक. आणि हसनाळची एखादी बाई वाहिनीच्या बूमपुढं उभी राहून सरकारचं नाव घेऊन रडली, तर तिच्यावर खुलासा किती मिनिटांत काढायचा, ते मुंबईनं कळवावं.

निर्णयात एक दुरुस्तीही करावी. केंद्र रात्री १०ला बंद होतं. हसनाळात पाणी शिरलं ते माणसं झोपल्यावर. देखरेखच करायची असेल, तर मुखेडचं उपकेंद्र रात्रभर उघडं ठेवा, आणि वर्तमानपत्रांबरोबर धरणाच्या पातळीवरही एक माणूस बसवा. पगार नको. चहा आमचा आम्ही पिऊ.