आई गावाला असते

आमच्या आजोबांकडे बालगंधर्वांच्या तबकड्या होत्या आणि त्या तबकड्यांवर कुत्रा होता. कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला. लहानपणी माझी पक्की समजूत होती, की बालगंधर्व हे नुसतं नाव. गातो तो कुत्राच. पुढे कळलं, की त्याचं नाव निपर, जन्म 1884 चा, ब्रिस्टलचा. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांचे चावे घ्यायचा म्हणून हे नाव पडलं. त्यामुळे मुलीनं कुत्र्यासाठी घरात उपोषणाची नोटीस दिली, तेव्हा मी म्हटलं, आणायचाच तर तबकडीवरचा आणू. टेरियर. निपर नक्की कुठल्या जातीचा यावर जाणकारांचं आजही एकमत नाही, पण माझं झालं. जॅक रसेल.

आईनं तिचं म्हणणं एका वाक्यात सांगितलं. "कुत्रं घरात आलं, की मी नाशिकला." नाशिकला धाकटा भाऊ असतो.

खरं तर खरेदीत मी भोळा नाही. पेटीतल्या खालच्या थरातला हापूस काढून देठाशी हुंगल्याशिवाय माझा हात खिशाकडे जात नाही. कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून गळ्यात मारणाऱ्याला मी भर मंडईत उघडं पाडलेलं आहे. असा मी मोबाइलवरचा एक फोटो बघून पाच हजार टोकन पाठवून मोकळा झालो. फोटोतल्या पिल्लाच्या गळ्यात लाल रिबीन होती. आंब्याला रिबीन बांधली असती तर मला लगेच संशय आला असता.

पिल्लू एका मॉलच्या पार्किंगमध्ये मिळणार होतं. विक्रेता स्कूटरवर आला. पायाशी पुठ्ठ्याची पेटी, आणि पेटीवर, देवाशपथ सांगतो, 'अस्सल देवगड हापूस'. आत गवतावर पांढरंतपकिरी पिल्लू अंगाची मुटकुळी करून झोपलेलं.

"पंचेचाळीस दिवसांचं आहे. एकदम रेडी."

"याची आई बघायला मिळेल?"

"आई गावाला असते."

"आणि वडील?"

"इम्पोर्टेड."

यापुढे काय विचारावं ते मला सुचेना. मग त्यानंच विचारलं, "पेपर पाहिजेत का? पेपरचे आठ हजार वेगळे."

"म्हणजे पेपरवालं पिल्लू वेगळं?"

"नाही, पिल्लू हेच."

मी पेटीत वाकून पाहिलं. पिल्लाचं पोट ढोलकीसारखं टम्म होतं. मला वाटलं, वा, खाऊनपिऊन सुखी आहे. नशीब, मुलीनं हट्टानं फोटो काढून आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांना पाठवला. त्यांचा तिथल्या तिथे फोन आला. "ते सुख नाही, जंत असणार. आणि पंचेचाळीस दिवस? 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. त्याला म्हणावं, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी दाखव." नोंदणी हा शब्द ऐकताच स्कूटर सुरू झाली. टोकन अर्थातच परत आलं नाही. मुलगी घरी येईपर्यंत रडली, माझ्यासाठी नव्हे, पेटीतल्यासाठी.

मग पशुवैद्यांनीच वाईजवळच्या एका बाईंचा नंबर दिला. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. फोनवर मी किंमत विचारली. त्यांनी विचारलं, "घरात दिवसभर कोण असतं?" मी रंग विचारला. त्यांनी विचारलं, "मजला कितवा? बाल्कनीच्या गजांत अंतर किती?" मी अंतर मोजून आणलं. मग म्हणाल्या, "तुळशीची कुंडी जमिनीवर आहे की कठड्यावर?" हा माणूस धार्मिक आहे का, हे त्या पाहत असाव्यात असं मला वाटलं. पण टेरियर या शब्दातच लॅटिनमधली 'टेरा', म्हणजे माती आहे. कोल्ह्याच्या मागे बिळात शिरायचं, हे याचं घराण्याचं काम. कोल्हा नसला तर तो तुळस उकरतो.

रविवारी गेलो. चपला फाटकाबाहेर, हात साबणानं धुऊन मगच आत, कारण पार्वोचा विषाणू माणसांच्या तळव्यांवरून फिरतो. अंगणात पिल्लांची आई होती. प्रत्यक्ष आई! पाजून पाजून ओढलेली, आचळं लोंबलेली. तिनं माझा डावा मोजा हुंगला, उजवा हुंगला आणि माझ्यात काही दम नाही असं ठरवून पिल्लांकडे गेली. हिचं हे दुसरं बाळंतपण. दीड वर्षाची होईपर्यंत विण्याला परवानगी नाही, वर्षात एकदाच, आयुष्यात पाचच्या वर नाही. बाई म्हणाल्या, "पाच कायदा म्हणतो. मी तिसऱ्यानंतर थांबवते."

मग एक फाइल आली. या जातीत डोळ्यातलं भिंग धरून ठेवणारे धागे तुटून भिंग निसटण्याचा आनुवंशिक आजार आहे. तरण्याताठ्या कुत्र्याला त्यानं आंधळेपण येतं. "आईबाप दोघंही ठणठणीत, पण दोघांकडे एकेक बिघडलेलं जनुक, तर पिल्लाला आजाराची संभाव्यता किती?" मी गप्प. मुलगी म्हणाली, "चारात एक." "बरोबर. म्हणून जोडी लावायच्या आधी डीएनए तपासायचा." त्यांनी दोघांचे रिपोर्ट पुढे ठेवले. पेपर म्हणजे हे, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी मी उत्साहानं तबकडीची गोष्ट सांगितली आणि तिथेच घात झाला. बाई म्हणाल्या, "तुमचा तबकडीवरचा कुत्रा बसून राहतो. हा बसत नाही. सध्या नको. विचार करून कळवते."

मला आजवर नोकरीत, बँकेत, एकदा तर सासुरवाडीतही लोकांनी लगेच हो म्हटलेलं आहे. घाटभर मी धुसफुसत होतो. ज्या पाद्र्याच्या नावानं ही जात ओळखली जाते, तो जॉन रसेल 1819 च्या सुमारास ऑक्सफर्डला शिकत होता. एका दूधवाल्याकडची कुत्री त्याला आवडली आणि त्यानं ती तिथेच विकत घेतली, असं सांगतात. या बाईंनी त्याला दारातूनच घालवला असता. विद्यार्थी, स्वतःचं घर नाही, दिवसभर बाहेर! हाच रसेल 1873 मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबच्या संस्थापक सभासदांत होता. मात्र त्याच्या नावाच्या जॅक रसेल टेरियरला त्याच क्लबनं 2016 साली मान्यता दिली. पुण्यातल्या काही संस्था सभासद करून घ्यायला इतकाच वेळ लावतात, त्यामुळे मला त्याचं विशेष वाटलं नाही.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. मी "हॅलो" म्हणताच त्या म्हणाल्या, "तुम्ही नको. दिवसभर घरी असतात त्या आईंना द्या."

आता संपलं, असं मी धरून चाललो. दोघी चाळीस मिनिटं बोलल्या. सुरुवातीला आईचा आवाज नाशिकच्या पट्टीत होता. मग गुडघ्यांवर आला, मग पिल्लाला दूध द्यावं की देऊ नये यावर आणि शेवटी, "नाही हो, उपाशी कशाला ठेवीन?" यावर. दुसऱ्या दिवशी तुळस कठड्यावर गेलेली दिसली. पुढचे सगळे फोन आईच्याच मोबाइलवर येऊ लागले. करारावर सहीसुद्धा तिचीच : सांभाळणं झालं नाही तर पिल्लू दुसऱ्या कुणाला न देता बाईंकडेच परत करायचं. माझ्याकडे फक्त पैसे भरण्याचं काम आलं.

बाईंच्या हिशोबानं छप्पन्न दिवस मंगळवारी भरत होते. आईनं भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं आणि त्यांना कळवलं, की मंगळवारी अमावास्या आहे, आम्ही बुधवारी येऊ.